दापोलीत आम्ही बांधून दिलेल्या घराबद्दलच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू दोनदा वाचला. दोन स्टार बघून वाईट वाटलं, पण तुम्ही लिहिलंय त्यातलं एक तर सरळ सरळ माझंच चुकलंय, म्हणून फोनवर न बोलता इथेच लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात, ताईंचं म्हणणं असं की पहिल्याच पावसाळ्यात हॉलची भिंत ओली झाली, बुरशी आली, फरशीला घाम येतो, एसी लावता येत नाही आणि "मातीच्या घराचे" बंगल्याएवढे पैसे घेतले.

आधी भिंत. ती पश्चिमेची, समुद्राकडची. आमच्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये तिकडे छपराचं पाखं चार फूट बाहेर होतं, मग खिडकीतून समुद्र नीट दिसावा म्हणून आपण ते दोन फुटांवर आणलं. तुम्ही विचारलं होतं, चालेल ना? आणि मी हो म्हणालो. तिथे मी नाही म्हणायला हवं होतं. दापोलीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच, आणि वारा नैऋत्येचा, म्हणजे पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त. भिंत जांभ्याची, आणि जांभा सच्छिद्र दगड, पाणी पितो. आपल्याकडच्या जुन्या घरांना पडव्या काय उगाच होत्या का, वर पावसाळ्याआधी नारळाच्या झापांचे आडोसे बांधायचे, भिंतीला झड लागूच द्यायची नाही. हे सगळं माहीत असून मी व्ह्यूसाठी तडजोड केली. त्या बाजूला आता कौलारू पडवी काढून देतो, वासे, रिपा, कौलं, मजुरी सगळा खर्च आमचा.

तोपर्यंत एक कळकळीची विनंती, तुमचे पेंटर सांगतायत तो वॉटरप्रूफ रंग आतून मारू नका. भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट लागते, चुन्याचा गिलावा ती देतो, प्लास्टिक रंगाने ती बंद होते आणि मग पोपडे निघतात. बुरशी ओलसर फडक्याने पुसून काढा (तोंडाला मास्क लावा), भिंत पूर्ण सुकू द्या, चुन्याचा हात आमची माणसं मारतील.

फरशीचा घाम मात्र गळती नाही. जमिनीला टेकलेली पॉलिश कोटा दगडाची फरशी थंड असते, पावसाळ्यातली दमट हवा तिला लागली की पाणी सुटतं, थंड तांब्याला बाहेरून सुटतं तसंच. त्यात घर जूनपासून दीड महिना कडेकोट बंद होतं. वरची झरोक्यांची झडपंसुद्धा लावलेली होती असं केअरटेकर म्हणाले, आणि ती उघडीच ठेवायची असतात, गरम दमट हवा तिथूनच निघून जाते. हे आम्ही चावी देताना तोंडी सांगितलं, कागदावर लिहून द्यायला हवं होतं, आता देतो.

एसीचं. कौलांच्या फटीतून हवा खेळते म्हणून तर मे महिन्यात तुम्ही स्वतः फोन करून सांगितलं होतंत की दुपारी पंख्यावर झोप लागली. त्या छपराखाली एसी लावला तर गारवा वरून निघून जाणार आणि बिल तेवढं येणार. पण रिव्ह्यूत बाबांच्या दम्याचं वाचलं, ते मला आधी माहीत नव्हतं. त्यांच्या खोलीला फळ्यांचा माळा टाकून वरून बंद करू, तिथे एक टनाचा एसी व्यवस्थित चालेल. त्यांच्या त्रासापुढे माझी डिझाइनची मतं मोठी नाहीत.

पैशांचं मात्र मान्य नाही ताई. घर मातीचं नाही, जांभ्याचं आहे, नऊ इंची चिरे, बाहेरून गिलावा नाही म्हणून प्रत्येक चिरा तासून बसवलेला, ते काम येणारे गवंडी आता मोजकेच राहिलेत. सिमेंट लवकर आवळतं, चुना मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कडक होतो, तितके दिवस पाणी मारायला माणूस ठेवावा लागतो. साधं दिसणाऱ्या घरात चूक झाकायला काही नसतं, पीओपी नाही की पॅनेलिंग नाही, म्हणून वेळ जातो आणि मजुरी वाढते. प्रत्येक बिलाची कॉपी तुमच्याकडे आहेच, कुठली रक्कम खटकत असेल तर सांगा, समोर बसून बघू.

पाऊस थांबला की दसऱ्यानंतर सुतार पाठवतो. त्याआधी या रविवारी मी स्वतः येऊन भिंत बघतो, बाबांची खोली मोजायची आहे तर ते असताना आलेलं चालेल का तेवढं कळवा.