अल्जिअर्स ‘नमले’ नव्हते

डेन्मार्क-नॉर्वेच्या आरमाराने 1770 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या अल्जिअर्स या चाच्यांच्या बंदरावर तोफा डागल्या, तिथला शासक (‘देय’) शरण आला आणि उत्तरेकडच्या देशांनी चाच्यांना कधी छदामही दिला नाही, असा एक मजकूर सध्या फिरतोय. यातल्या तोफा तेवढ्या खऱ्या. नौसेनाधिकारी कास यांचा ताफा किनाऱ्यापासून इतका लांब थांबला की माऱ्याने शहराचे फारसे बिघडले नाही. जहाजांवर रोगराई पसरली आणि ताफा हात हलवत परतला. 1772 मध्ये तह झाला तो डेन्मार्कने पैसे आणि नजराणे मोजूनच.

मुळात हा व्यवहार जुना. स्वीडनने अल्जिअर्सशी 1729 मध्ये तह केला, डेन्मार्कने 1746 मध्ये. नजराण्यात तोफा, दारूगोळा, डोलकाठ्या, दोरखंड. म्हणजे ज्यांची भीती, त्यांनाच शस्त्रे! बदल्यात व्यापारी जहाजांना ‘अल्जेरियन पास’ मिळे. पासाचा वरचा भाग नागमोडी कापून अल्जिअर्सला धाडत. समुद्रात गाठ पडली की तिथले खलाशी आपला तुकडा जहाजावरच्या पासाला जोडून बघत. कड जुळली की जहाज सुटले. मोरोक्कोला तर स्वीडन आणि डेन्मार्क दोघेही 1845 पर्यंत वार्षिक रक्कम देत होते.