जोन बेनॉइट सतराव्या दिवशी ऑलिंपिक जिंकली नव्हती

माझ्या भाचीच्या गुडघ्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली. मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामध्ये कूर्चेची जी गादी असते, ती फाटली होती आणि तिला टाके घालावे लागले. पहिले सहा आठवडे पायावर पूर्ण भार द्यायचा नाही आणि चार महिने धावण्याचा विचारही करायचा नाही, असे डॉक्टरांनी तिला आणि आम्हा सर्वांना बजावून सांगितले होते. चौथ्या आठवड्यात एका सकाळी तिने गुडघ्याचा पट्टा काढून ठेवला आणि सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या धावून आली. संध्याकाळी मी तिच्या घरी पोहोचले, तेव्हा ती स्वयंपाकघरात एका खुर्चीवर बसून दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवून बर्फ लावत होती. गुडघा इतका सुजला होता, की वाटी नेमकी कुठे आहे हे बोटाने चाचपूनही कळत नव्हते. हे का केलेस, असे विचारल्यावर तिने काही न बोलता फोन माझ्यापुढे धरला.

तिच्या धावण्याच्या गटात एक संदेश फिरत होता, आणि नंतर तो मला आणखी दोन ठिकाणांहून आला. त्याचा मजकूर थोडक्यात असा आहे. अमेरिकेच्या जोन बेनॉइट या मुलीने पुरुषाचे नाव लावून बॉस्टन मॅरेथॉन धावली आणि अधिकाऱ्यांनी तिला ओढून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला; त्या प्रसंगाचे म्हणून एक छायाचित्रही सोबत जोडलेले आहे. पुढे गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सतराव्या दिवशी तिने ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. त्या शर्यतीत ती पाण्याचा एक थेंबही न पिता धावली. मग संसारासाठी तिने धावणे कायमचे सोडले. शेवटी उपदेश असा, की डॉक्टर विश्रांती सांगतात, पण जिद्द धावायला सांगते.

यातला प्रत्येक मुद्दा चुकीचा किंवा अर्धवट आहे. एका धावपटूची चाळीस वर्षांहून मोठी कारकीर्द सतरा दिवसांत कोंबून ती जखमी मुलींच्या हाती देणे हा मला गुन्हाच वाटतो.

सर्वांत घातक मुद्दा आधी घेते. लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या महिला मॅरेथॉनचा अधिकृत निकाल कुणालाही पाहता येतो, आणि माझ्या म्हणण्याचा बराचसा भार मी त्या एकाच निकालावर टाकणार आहे. ती शर्यत ५ ऑगस्ट १९८४ रोजी झाली. बेनॉइटच्या उजव्या गुडघ्यावरची शस्त्रक्रिया २५ एप्रिल १९८४ रोजी झाली होती. दोन तारखांमध्ये १०२ दिवसांचे अंतर आहे. सतरा दिवसांनी, म्हणजे १२ मे रोजी, जी शर्यत झाली ती अमेरिकेच्या संघाची निवड चाचणी होती आणि ती वॉशिंग्टन राज्याची राजधानी असलेल्या ऑलिंपिया या शहरात झाली. ऑलिंपिया आणि ऑलिंपिक या दोन शब्दांतला फरक कुणीतरी घाईत गिळला असावा, आणि त्या चुकीची किंमत माझ्या भाचीच्या गुडघ्याने मोजली.

सतरा दिवसांचा भाग खरा आहे, हे मला मान्य करावे लागते. ती निवड चाचणी बेनॉइट खरोखर धावली आणि जिंकलीही, आणि ते असामान्य धैर्याचे काम होते. पण तिला धावावे का लागले, हे संदेशात नाही. त्या एकाच शर्यतीतील पहिल्या तिघींना ऑलिंपिकचे तिकीट मिळणार होते. दुसरी संधी नव्हती आणि तारीख पुढे ढकलली जाणार नव्हती. तिची वेळ होती २ तास ३१ मिनिटे ४ सेकंद. एक वर्ष आधी तिने बॉस्टनमध्ये २ तास २२ मिनिटे ४३ सेकंद ही तेव्हाची जगातील सर्वोत्तम वेळ नोंदवली होती, म्हणजे निवड चाचणीत ती स्वतःपेक्षा आठ मिनिटांहून अधिक हळू धावली. दुसरी आलेली ज्युली ब्राउन तिच्या मागे केवळ ३७ सेकंद होती. गुडघा सांभाळण्याच्या नादात बेनॉइटच्या दुसऱ्या पायाच्या मांडीमागचा स्नायूही दुखावला होता. शरीर त्या सतरा दिवसांत बरे झाले नव्हते, हे या आकड्यांत स्पष्ट दिसते. ऑगस्टमध्ये २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत धावणारी बेनॉइट ही त्यानंतरच्या बारा आठवड्यांनी घडवलेली धावपटू होती.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे शस्त्रक्रिया कोणती होती. ऑरेगनमधील यूजीन येथे डॉ. स्टॅन जेम्स यांनी दुर्बिणीतून तिच्या गुडघ्यात पाहिले, तेव्हा आतल्या आवरणाची एक तंतुमय घडी जाड होऊन सांध्यात अडकत होती, आणि ती त्यांनी काढून टाकली. जे अडकत होते ते गेले. काही शिवायचे किंवा जोडायचे नव्हते. माझ्या भाचीच्या गुडघ्यात मात्र फाटलेली गादी शिवली आहे. तिथे रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे टाके घातलेली जागा सांधायला महिने लागतात आणि त्याआधी भार पडला, तर टाके उसवू शकतात. दोन्हींना आपण ‘गुडघ्याचे ऑपरेशन’ म्हणतो, म्हणून दोन्हींचे पथ्य सारखे ठरत नाही. ज्यांनी हा संदेश पुढे ढकलला, त्यांपैकी एकालाही समोरच्या मुलीच्या गुडघ्यात नेमके काय केले आहे हे विचारावेसे वाटले नाही, याचा मला संताप येतो.

आणि बेनॉइटची दुसरी शस्त्रक्रिया कुणी का सांगत नाही? डिसेंबर १९८१ मध्ये तिच्या दोन्ही टाचांमागच्या अकिलीस स्नायुबंधांवर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ती मोठी मॅरेथॉन धावली ती थेट पुढच्या सप्टेंबरमध्ये, यूजीनलाच, आणि तेव्हा तिने २ तास २६ मिनिटांच्या आसपास अमेरिकेचा विक्रम केला. मध्ये नऊ महिने गेले होते. सतरा दिवसांची गोष्ट हजारो जण पुढे पाठवतात, पण नऊ महिन्यांची गोष्ट मला आजवर एकदाही आलेली नाही.

पाण्याचा मुद्दाही तितकाच धोकादायक आहे. बेनॉइटने लॉस एंजेलिसमध्ये पाण्याचा पहिला थांबा सोडला, हे खरे आहे. तिथे धावपटूंची गर्दी होती आणि त्या गर्दीतून बाहेर पडून तिला आघाडी घ्यायची होती. पहिला थांबा सोडणे आणि ऑगस्टमधल्या शर्यतीत ४२ किलोमीटर कोरड्या घशाने धावणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पाणी चुकल्यावर काय होते, हे पाहायचे असेल, तर त्याच निकालात ३७व्या क्रमांकाचे नाव वाचावे. स्वित्झर्लंडची गाब्रिएला अँडरसन-शीस पाण्याचा शेवटचा थांबा चुकली होती. ती स्टेडियममध्ये आली, तेव्हा तिचे अंग एका बाजूला वाकलेले होते आणि डावा हात लुळा पडल्यासारखा लोंबत होता. शेवटची फेरी पूर्ण करायला तिला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागला. तिला अजून घाम येतो आहे, हे पाहूनच डॉक्टरांनी तिला पुढे जाऊ दिले. ‘एक थेंबही न पिता’ हे शब्द लिहिणाऱ्याने ती फेरी एकदा तरी पाहायला हवी होती.

छायाचित्राबद्दल फार लिहायची गरज नाही. संदेशासोबतचे ते प्रसिद्ध कृष्णधवल चित्र १९६७ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनचे आहे, आणि छातीवर २६१ क्रमांक असलेली ती मुलगी कॅथरीन स्विट्झर आहे. के. व्ही. स्विट्झर अशा आद्याक्षरांनी तिने नाव नोंदवले होते, त्यामुळे तेही पुरुषाचे नाव नव्हते. मेन राज्यातील केप एलिझाबेथची जोन बेनॉइट त्या वेळी नऊ वर्षांची होती. बॉस्टनने स्त्रियांना १९७२ मध्ये अधिकृत प्रवेश दिला. १९७९ मध्ये बेनॉइट तिथे उघडपणे धावली आणि रेड सॉक्स या बॉस्टनच्या बेसबॉल संघाची टोपी घालून २ तास ३५ मिनिटे १५ सेकंदांत जिंकली. दोघींचे आयुष्य एकत्र कालवल्याने स्विट्झरवरही अन्याय होतो, कारण स्त्रियांच्या मॅरेथॉनला ऑलिंपिकमध्ये जागा मिळावी म्हणून झटणाऱ्यांत ती आघाडीवर होती. त्याआधी ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना १५०० मीटरपेक्षा लांब शर्यतच नव्हती.

गटातल्या एका काकांनी या संदेशाला उत्तर म्हणून लिहिले, की सोव्हिएत गटाने १९८४ च्या ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला होता, त्यामुळे ते सुवर्णपदक स्वस्तात मिळाले. बहिष्कार होता, आणि पूर्व जर्मनीची काट्रिन ड्योरेसारखी तगडी धावपटू त्यामुळे आली नाही, एवढे कबूल करते. पण पुन्हा तोच निकाल पाहावा. दुसरी नॉर्वेची ग्रेटे वाइट्झ, म्हणजे आदल्या वर्षीची विश्वविजेती. तिसरी पोर्तुगालची रोझा मोटा, जिने पुढचे ऑलिंपिक जिंकले. चौथी इंग्रिड क्रिस्टियनसेन, जिने पुढच्याच वर्षी लंडनमध्ये जागतिक उच्चांक केला. बहिष्कार नसता, तरी यांच्याहून भारी यादी करणे अवघड होते. आणि शंका उरलीच असेल, तर १९८५ ची शिकागो मॅरेथॉन आहे. तिथे बेनॉइटने क्रिस्टियनसेन आणि मोटा या दोघींना हरवून २ तास २१ मिनिटे २१ सेकंदांची वेळ दिली, आणि अमेरिकेचा तो विक्रम २००३ मध्ये डीना कास्टरने मोडेपर्यंत सुमारे साडेसतरा वर्षे टिकला.

राहिला संसाराचा मुद्दा. बेनॉइटने १९८४ च्या सप्टेंबरमध्ये स्कॉट सॅम्युअल्सनशी लग्न केले, म्हणजे शिकागोची ती शर्यत लग्नानंतरची आहे. १९८७ आणि १९९० मध्ये तिला दोन मुले झाली. २००८ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, ती अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड चाचणीत पुन्हा उभी राहिली आणि २ तास ४९ मिनिटे ८ सेकंदांत धावली. २०१९ मध्ये, बॉस्टनच्या पहिल्या विजयाला चाळीस वर्षे झाली म्हणून, तिने १९७९ च्या आपल्या वेळेपेक्षा चाळीस मिनिटांहून अधिक उशीर होऊ द्यायचा नाही, असे ठरवले. एकसष्ट वर्षांची ती बाई त्या दिवशी ३ तास ४ मिनिटांत, म्हणजे केवळ पावणेएकोणतीस मिनिटे उशिराने, बॉस्टनच्या अंतिम रेषेवर पोहोचली.