रडायचं नाही, एवढंच सांगितलंय

हौशी नाटकात बाईला आईची भूमिका मिळाली की गल्लीभर एकच मत असतं : हिला काय अवघड, दोन पोरं आहेत की घरात! माझ्या वाट्याला आलेल्या आईला मात्र आमच्या सासूबाईंनी उंबऱ्याच्या आत घ्यायलाही नकार दिलाय.

जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकातली 'मदर करेज'. सतराव्या शतकातलं युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध, आणि सैन्यामागून गाडा ओढत दारू, पट्टे नि बूट विकणारी ही बाई. पोरं तीन, बाप तीन. इथेच सासूबाईंनी जपमाळ खाली ठेवली. पुढे धाकटा लेक शत्रूच्या हाती सापडतो. त्याला सोडवायला गाडा गहाण टाकून दोनशे गिल्डर मिळणार असतात. त्यातले ऐंशी मागे ठेवावेत म्हणून ही घासाघीस करत बसते, आणि तिकडे त्याला गोळ्या घालतात.

"पोरगं मरालंय आणि ही दर करालीय? ही कसली आई गे?"

दिग्दर्शक त्याच्या पुढचे. त्यांनी दोनशे पानी वही दिली आणि पात्राचं विश्लेषण लिहून आणायला सांगितलं. ती पैशाची थैली कुठे ठेवते? रागावली की कुठे बघते? लेकीने मदत म्हणून निबंधाच्या वहीतून 'त्यागमूर्ती' आणि 'वात्सल्यसिंधू' काढून दिले. दिग्दर्शकांनी दोन्हींवर काट मारली आणि बजावलं, "रडायचं नाही. प्रेक्षकालाही रडवायचं नाही."

म्हणे 1941 साली झुरिकच्या पहिल्या प्रयोगात लोक या आईसाठी रडले, तर ब्रेख्त खूश व्हायचा सोडून वैतागला आणि त्याने तिला आणखी कठोर करून ठेवलं. त्याचं काय जातंय! बेळगावात आई स्टेजवर आली आणि पहिल्या रांगेतला एकही रुमाल बाहेर निघाला नाही, तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील.

मग आली मूक किंकाळी. 1949 च्या बर्लिनच्या प्रयोगात हेलेन वायगेल या नटीने गोळ्यांचा आवाज ऐकून नुसतं तोंड उघडलं होतं, आवाज अजिबात नाही. मी आरशासमोर सराव केला, तर यजमान म्हणाले, "दाढ काढून टाक एकदाची." शेजारच्या काकूंनी खिडकीतून बघून लवंग पाठवली.

पण खरी गोम शेवटच्या प्रवेशात आहे. लेकही मेलेली. तिला पुरायला आई शेतकऱ्यांना पैसे देते. वायगेल थैलीतून नाणी काढायची, मोजायची आणि त्यातलं एक परत थैलीत टाकायची. मला ते जमेना. दिवसभर पतसंस्थेच्या काउंटरवर दुसऱ्यांच्या नोटा मोजून माझा हात असा सुटलाय, की दिग्दर्शक म्हणाले, "बाई, तुम्ही लेक पुरताय की डिपॉझिट परत करताय?"

आमची तालीम वडगावात, मागांच्या शेजारच्या खोलीत. माग चालू असले की संवाद ऐकू येत नाहीत, म्हणून करंट गेला की तालीम रंगते, तीही मेणबत्तीवर. करंट गेला की पलीकडे कांड्या भरणाऱ्या मावशीही रिकाम्या होतात आणि आमच्या दारात येऊन बसतात. त्या दिवशी त्यांनी माझं नाणं मोजणं बघितलं आणि त्यांना राहवेना.

"असं न्हवं. देताना त्या माणसाकडं बघायचं न्हाई. बघितलं की वाढवून मागतोय."

त्यांनी कमरेची पिशवी काढली आणि आमच्याकडे पाठ केली. चिल्लर तळहातावर पसरून अंगठ्याने एकेक सरकवत मोजली. एक रुपया बोटांच्या बेचक्यात कधी गेला आणि पिशवीत कधी पडला ते कळलं नाही, मेणबत्ती घेऊन उभ्या असलेल्या सैनिकालासुद्धा. दिग्दर्शकांनी मुकाट्याने माझी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांना वाचता येत नाही, तर मी सगळी गोष्ट सांगितली. सासूबाईंचा आक्षेपही सांगितला.

"सगळं दिल्यावर राहिलेली पोरगी काय खाणार?" मावशी म्हणाल्या. "तुझी सासू देती काय?"

मी हे घरी सांगितलेलं नाही.

दिग्दर्शक हरखले. म्हणाले, "मावशी, रोज या तालमीला. शिकवा हिला."

"काय देताय?"

"शंभर देऊ की."

"दिवसाला?"

"छे! प्रयोगापर्यंतचे."

मावशींनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दीडशे झाले, पावणेदोनशे झाले, वर चहा झाला. तेवढ्यात करंट आला आणि खटाखट सुरू झाली. दिग्दर्शक ओरडून "दोनशे!" म्हणाले, पण मावशी केव्हाच कांड्यांवर जाऊन बसल्या होत्या.