“अकरावीतच लेसर करून घ्या” म्हणे!

‘हवाई दलाचे पायलट व्हा, तेही फुकटात’ या मथळ्याचा मेसेज सध्या बारावीच्या मुलांच्या पालकांमध्ये जोरात फिरतोय. खाली ‘एका निवृत्त अधिकाऱ्याकडून’ अशी सही, नाव नाही. मेसेजचं म्हणणं असं: एनडीएतून (बारावीनंतरच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) हवाई दलात शिरा, कमर्शियल पायलटच्या कोर्सचे लाखो रुपये वाचवा, पाच वर्षांनी राजीनामा देऊन एअरलाइनमध्ये जा, लायसन्स आपोआप मिळतं. चष्मा असेल तर अकरावीतच लेसर करून घ्या, मेडिकलमध्ये कळत नाही. पायलटच्या चाचणीला एकदा सरावासाठी बसून या. पगार पहिल्या दिवसापासून तीन लाख, काम दिवसाला एक तास. मुलींना फायटर देत नाहीत. आणि एकदा इजेक्ट झालं, म्हणजे संकटात सीटसकट विमानाबाहेर उडालं, की उंची दोन इंच घटते, पायलटचं करिअर तिथेच संपतं.

बहिणीच्या सतरा वर्षांच्या मुलाने लेसरचा सल्ला मनावर घेतला आणि सुट्टीतली तारीख बघायला सुरुवात केली, म्हणून हे लिहिणं भाग पडलं. तेव्हा आधी लेसर.

एनडीएच्या जाहिरातीसोबतचे वैद्यकीय निकष उघडून बघा. उड्डाण शाखेसाठी एका डोळ्याची दृष्टी ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ लागते, आणि ती ६/९ सुद्धा फक्त प्लस नंबर असेल तरच चालते. मायनस नंबर उघड दिसत असेल तर विषय संपला. आणि लेसर केलेला उमेदवार एनडीएला अपात्र. म्हणजे अकरावीत शस्त्रक्रिया करून ज्या दारातून आत जायचं म्हणतात, ते दार त्या शस्त्रक्रियेमुळेच बंद होतं.

मग पदवीनंतर एएफकॅट (हवाई दलाची प्रवेश परीक्षा) किंवा सीडीएस (यूपीएससीची संरक्षण सेवा परीक्षा) देऊ, असं कोणी म्हणेल. तिथे लेसर चालतं, हे खरं आहे, आणि मेसेजमधला अर्धा सत्याचा कण बहुधा इथूनच आलाय. पण अटी वाचा. शस्त्रक्रिया वयाची २० वर्षं पूर्ण होण्याआधी झालेली नसावी. शस्त्रक्रियेनंतर किमान १२ महिने कोणतीही गुंतागुंत न होता गेलेले असावेत. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची मधली जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी. डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी २५.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. आता पहिली अट पुन्हा वाचा. सतराव्या वर्षी लेसर केलेला मुलगा एनडीएला तर मुकतोच, पण चार वर्षांनी एएफकॅटच्या मेडिकलमध्येही त्याच कारणाने बाद होतो. कापलेला पडदा परत जोडून मिळत नाही.

लांबीची अट बहुतेकांना माहीतच नसते. मायनस नंबर येतो तो सहसा डोळा लांबट वाढल्यामुळे. साधारण डोळा साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास असतो. एक मिलिमीटर वाढला की अडीच-तीन नंबर चढतो. लेसरने पुढचा पडदा घासून नंबर घालवता येतो, डोळा आखूड होत नाही. आतला दृष्टिपटल ताणलेला आणि पातळ तसाच राहतो, तो फाटण्याचा धोकाही तसाच. म्हणून मोठा नंबर असलेला मुलगा विसाव्या वर्षी, सगळे नियम पाळून, उत्तम डॉक्टरकडून लेसर करून आला तरी या एका आकड्यावर अडकू शकतो. ही लांबी मोजायला पाच मिनिटं पुरतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी आजोबांची मोजतात तीच तपासणी. लेसरचा आणि क्लासचा खर्च करण्याआधी एवढं एक करून घ्या.

‘मेडिकलमध्ये कळत नाही’ हे तर हद्दच झाली. दिल्लीच्या सेंट्रल मेडिकल एस्टॅब्लिशमेंटमध्ये किंवा बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये बसलेला नेत्रतज्ज्ञ काय फळ्यावरची अक्षरं वाचून घेऊन सोडून देतो? लॅसिकमध्ये पडद्याची जी झडप उघडतात तिची कड स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कमानीसारखी दिसते. झडप नसलेली पद्धत वापरली तरी पडद्याच्या उंचसखलपणाचा नकाशा काढला की मधला भाग सपाट झालेला दिसतो. जाडी वेगळी मोजतात. एका नंबरमागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन जातात, त्यामुळे ५४० चा पडदा चार नंबर काढल्यावर ४८० च्या आसपास येतो, आणि तो आकडा सगळं सांगून जातो. वर उमेदवाराने आजारांची आणि शस्त्रक्रियांची माहिती स्वतःच्या सहीने दिलेली असते. तिथे खोटं लिहिलं की प्रश्न फक्त डोळ्यांचा राहत नाही.

असाच दुसरा घातक सल्ला: “चाचणीला एकदा सरावासाठी बसून या.” ही चाचणी म्हणजे सीपीएसएस, वैमानिक होण्याची क्षमता तपासणारी संगणकावरची चाचणी, पूर्वीची पीएबीटी. ती आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालं की एनडीए, सीडीएस, एएफकॅट, एनसीसी, कुठल्याही मार्गाने परत उड्डाण शाखा नाही. ग्राउंड ड्यूटीसाठी प्रयत्न करता येतो, एवढंच. आधी कॉकपिटमधल्या घड्याळांची ओळख करून देऊन त्यांवर प्रश्न विचारतात: उंची किती, दिशा कोणती, विमान कुठे झुकलंय. मग यंत्रावर हात आणि पाय दोन्ही वापरून पडद्यावरचा ठिपका जागेवर धरायचा असतो, त्याच वेळी दिवे लागतात, आवाज येतात आणि त्यांनाही उत्तर द्यायचं असतं. आदल्या रात्री रेल्वेत जागून, अर्धवट झोपेत ‘बघून तर येऊ’ म्हणून जाण्याची ही जागा नाही.

आता ते प्रसिद्ध ‘पाच वर्षं’. हा आकडा कुठून आला देव जाणे. एएफकॅटमधून उड्डाण शाखेत घेतलेलं शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठराविक मुदतीची अधिकारीपदाची नेमणूक, १४ वर्षांचं असतं. जाहिरातीतच लिहिलंय, मुदतवाढ नाही आणि पेन्शनही नाही. बाविसाव्या वर्षी कमिशन मिळालं तर बाहेर पडताना वय छत्तीस. एनडीएतून मिळतं ते कायम कमिशन. पेन्शनसाठी २० वर्षांची पात्र सेवा लागते, आणि मुदतीआधी सेवा सोडायला परवानगी लागते. अर्ज केला म्हणजे सुटका झाली असं नाही. २०१९ मध्ये एका एअरमनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हवाई दल मर्जीप्रमाणे सोडून जाण्याचा बिनशर्त हक्क कोणाला नाही. (एअरमन म्हणजे वैमानिक नव्हे. मेसेज लिहिणाऱ्याला हेही ठाऊक नसावं.) एकेका वैमानिकावर सरकार वर्षानुवर्षं इंधन, विमान आणि शिक्षक खर्च करतं, ते काय खासगी कंपन्यांना माणसं पुरवायला?

‘फुकट’ हे मान्य. खडकवासल्याची तीन वर्षं, मग दुंडिगलची अकादमी, पिलाटस या प्रशिक्षण विमानावरची पहिली उड्डाणं, पुढे शाखेप्रमाणे हॉक (लढाऊ), डॉर्निअर (मालवाहू) किंवा हेलिकॉप्टर, याचा एक पैसा घरून जात नाही. पण एनडीएत प्रवेश घेताना पालकांकडून बंधपत्र लिहून घेतात: मुलाने स्वतःच्या कारणाने प्रशिक्षण सोडलं किंवा कमिशन नाकारलं तर झालेला खर्च परत करायचा. मेसेजमध्ये हे वाक्य नाही.

लायसन्सही आपोआप मिळत नाही. छातीवर विंग्ज (वैमानिकाचा बिल्ला) असल्या तरी नागरी विमान उडवायला डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, परवाना लागतो. त्यासाठी संगणक क्रमांक घ्या, हवाई नियम, हवामान आणि दिशादर्शनाचे पेपर द्या, रेडिओ टेलिफोनीची परीक्षा द्या, क्लास वन मेडिकल करा. लष्करी तास मोजले जातात, ते वाया जात नाहीत. पण ते प्रमाणित करून आणावे लागतात, आणि कुठल्या विमानावरचे किती, हे महत्त्वाचं ठरतं. कमर्शियल परवान्याला २०० तास पुरतात, एअरलाइनच्या कॅप्टनला लागणाऱ्या एटीपीएल परवान्याला १५०० लागतात. सी-१३० किंवा एएन-३२ ही मालवाहू विमानं उडवणाऱ्याचे तास भराभर साठतात. लढाऊ विमानाची एक सॉर्टी (एक उड्डाण) मात्र पाऊण-एक तासाची, त्यामुळे तीच वर्षं घालवूनही फायटरवाल्याची लॉगबुक बारीक राहते. एअरलाइनमध्ये नियम वर्षाला १००० तासांपर्यंत उडू देतो. तिथे पंचविशीतला मुलगा या बाबतीत त्याला सहज मागे टाकतो. नव्या विमानाचं टाइप रेटिंग (त्या प्रकारच्या विमानाचं प्रशिक्षण आणि परवानगी) करावं लागतं, आणि सहसा उजव्या सीटवर को-पायलट म्हणून बसावं लागतं. ज्येष्ठता रुजू झालेल्या दिवसापासून. विंग कमांडर होऊन आलेल्या माणसाला हे गिळायला जड जातं, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याबद्दल त्या मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

पगार तीन लाख? मूळ वेतन ५६,१००, मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००, आणि सातव्या वेतन आयोगाने ठरवलेला उड्डाण भत्ता २५,०००. बेरीज ९६,६००. वर महागाई भत्ता, आणि तो ५० टक्क्यांवर गेला की असे जोखमीचे भत्तेही वाढतात. बाविसाव्या वर्षी हे उत्तमच आहे. तीन लाख नाहीत. अकादमीच्या शेवटच्या वर्षात तर ५६,१०० चं विद्यावेतन असतं, भत्ता विंग्ज मिळाल्यावर. बढती विंग कमांडरपर्यंत वर्षांच्या हिशोबाने मिळते: दोन, सहा आणि तेरा वर्षं. त्यापुढे निवड मंडळ. जागा थोड्या, बॅचमेट बरेच, आणि झोप उडते ती इथे.

‘दिवसाला एक तास काम’ हे लिहिणाऱ्याने स्क्वाड्रन बाहेरूनसुद्धा पाहिलेली नाही. एक तासाच्या सॉर्टीआधी हवामानाचं ब्रीफिंग, त्या दिवसाच्या आणीबाणीची उजळणी (इंजिनला आग लागली तर पहिली कृती कोणती, हे तोंडपाठ सांगायचं), सॉर्टीचं ब्रीफिंग, जी-सूट (वळणांतला दाब सोसायला मदत करणारा पोशाख) चढवणं, फॉर्म ७०० (विमानाच्या दुरुस्तीची नोंदवही) वाचून विमान सही करून ताब्यात घेणं, बाहेरून फिरून तपासणी. उतरल्यावर रेकॉर्डिंग लावून चुका काढणं, आणि तेच सगळ्यात लांबतं. शिवाय उड्डाण सुरक्षेचं, शस्त्रांचं, कार्यालयाचं काहीतरी काम प्रत्येकाच्या गळ्यात असतंच. साधी सर्दी झाली तरी डॉक्टरकडे जाऊन उड्डाणाच्या यादीतून नाव कापून घ्यायचं. घशातून कानाकडे जाणारी नळी सुजलेली असेल तर वर जाताना हवा कशीबशी बाहेर पडते, पण खाली येताना आत शिरत नाही. झपाट्याने उंची कमी करताना कानाचा पडदा आत ओढला जातो आणि दुखणं इतकं चढतं की हातातलं काम सुटतं. मेडिकलच्या दुकानातली सर्दीची गोळी चालत नाही, ती झोप आणते. आणि घर? तेजपूर, जोधपूर, तंजावर. दोन-तीन वर्षांनी मुलांची शाळा बदलायची आणि बायकोने नवी नोकरी शोधायची.

मुलींबद्दल एकच ओळ पुरे: १८ जून २०१६ ला अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग यांना फायटर शाखेत कमिशन मिळालं.

राहिलं इजेक्शन. सीट रॉकेटवर उडते तेव्हा मणक्यावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या बारा ते वीसपट भार येतो. पाठ आणि कंबर जुळते तिथला मणका दबणं ही नेहमीची इजा. मग पूर्ण पाठीचा एमआरआय, काही महिने खालची वैद्यकीय श्रेणी, पुन्हा तपासणी. ‘एकदा झालं की संपलं’ असा नियम नाही. अभिनंदन वर्धमान २७ फेब्रुवारी २०१९ ला इजेक्ट झाले आणि २ सप्टेंबरला पठाणकोटहून मिग-२१ मध्ये पुन्हा उडाले. सोबत बसलेले तेव्हाचे हवाई दल प्रमुख धनोआ स्वतः १९८८ मध्ये इजेक्ट झाले होते. त्यांना परतायला नऊ महिने लागले आणि पुढे ते प्रमुख झाले. सगळ्यांचं असंच होतं असंही नाही. कारगिलमध्ये मिग-२७ मधून बाहेर पडलेले नचिकेता पाठीच्या दुखापतीमुळे फायटरवर परतले नाहीत, मालवाहू विमानांकडे गेले. पण तेही उडत राहिले.

इजेक्शनचा आणि शरीराच्या मापाचा संबंध आहे, फक्त मेसेज म्हणतो तो नाही. तो भरतीच्या वेळीच तपासतात. मांडीची लांबी ६४ सेंटीमीटरपेक्षा जास्त चालत नाही, कारण सीट वर जाताना गुडघे कॉकपिटच्या चौकटीला अडकता कामा नयेत. पायांची लांबी ९९ ते १२०, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६, उभी उंची किमान १६२.५. घरी मोजता येतं: भिंतीला पाठ आणि कुल्ले टेकवून स्टुलावर बसायचं, भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत टेप धरायची, ती मांडी, मग पाय सरळ ताणून भिंतीपासून टाचेपर्यंत, तो पाय. टेप शिंप्याची नको, ती ताणते. सुताराची पत्र्याची घ्या.