‘दशावतार’ला ‘मराठी कांतारा’ म्हणू नका

लेखात ‘दशावतार’ या मराठी चित्रपटाला (२०२५) ‘मराठी कांतारा’ म्हटलंय, ते पटलं नाही बघा. आम्हा बेळगावकरांना दोन्ही भाषा कळतात, त्यामुळे फरक लगेच जाणवतो. ‘कांतारा’ या कन्नड चित्रपटातला (२०२२) भूतकोला हा विधी. पंजुर्ली, गुळिग ही दैवतं अंगात येतात आणि बोलतं ते दैव. दशावतार ही कोकणातली लोककला म्हणजे नाटक. लिहिलेली संहिता नसते, संवाद नट जागेवरच रचतात, साथीला पेटी, पखवाज नि झांज, आणि रंग ज्याचा त्यानं स्वतःच लावायचा. म्हणून चित्रपटातला नजर अधू होत चाललेला दशावतारी नट बाबुली सोंग घेतो तेव्हा माणूसच दिसत राहतो. बाबुली झालेल्या दिलीप प्रभावळकरांनी हे धरलंय ते डोळे आणि मान यांवर, आवाज चढवून नव्हे. क्या बात है!

‘कांतारा’ मात्र कन्नडमध्येच बघा की. हिंदी डबिंगमध्ये किनारपट्टीच्या कन्नडचा हेल जातो, संवाद ओठांच्या हालचालीत बसवायला वाक्यं कापली जातात नि विनोद पडतो. कन्नड येत नसेल तर ऑडिओ कन्नड ठेवून सबटायटल लावा. मोबाइलच्या स्पीकरवर नको, ढोलाचा खर्ज त्यातून येतच नाही. साधा हेडफोन चालेल.

मालिकांबद्दल काय बोलायचं? ‘लागिरं झालं जी’मध्ये सातारी बोली तरी होती. आता गाव कुठलंही असो, वाक्याच्या शेवटी ‘रं’ लावलं की झाली ग्रामीण! आमच्याकडचा ‘की’ कुणाला ऐकूच येत नाही.