बारा दिवसांची मावशी

आज सायंकाळी नागपुरात शंकरनगरच्या एका सभागृहात सत्काराचा कार्यक्रम होता. परदेशातील युद्धग्रस्त मुलांसाठी स्वयंसेवक म्हणून काम करून आलेल्या एका तरुण मुलीने तेथील अनुभव सांगितले. पंधरा दिवसांत साठ मुलांना बोलते केल्याचे ती म्हणाली. पडद्यावर एक छायाचित्र आले, त्यात एक मूल तिच्या कुशीत शिरून हमसून हमसून रडत होते. सभागृह उठून उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. माझे हात मात्र मांडीवरून उचलले गेले नाहीत. शेजारच्या काकूंनी हळूच विचारले, "बरं नाही वाटत आहे का?" मी त्यांना काहीच उत्तर देऊ शकले नाही, ते आता येथे लिहीत आहे.

त्या छायाचित्रातील मूल आज कोठे असेल आणि त्या सोळाव्या दिवशी त्याच्याजवळ कोण होते, हा एकच प्रश्न संपूर्ण कार्यक्रमभर माझ्या मनात होता. तो कोणीही विचारला नाही. मीही विचारला नाही, याची मला लाज वाटते.

मी हे अधिकाराने म्हणते, कारण मुलाला रडवून परत निघण्याची चूक मी स्वतः केली आहे. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात नेपाळमध्ये जवळपास नऊ हजार माणसे गेली, त्यांतील साडेतीन हजारांच्या आसपास एकट्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यातील होती. तो शनिवार होता. नेपाळमध्ये शनिवारी सुटी असते, म्हणून शाळा कोसळल्या तरी आत मुले नव्हती. पण घरात होती. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात मी राप्तीसागर एक्सप्रेसने गोरखपूर, तेथून सुनौलीची सीमा आणि मग बसने मजल दरमजल करीत त्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या चौताऱ्याच्या वरच्या एका गावात पोहोचले. पत्र्याच्या तात्पुरत्या वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सगळी मुले चपला बाहेर काढून बसत, हा मात्र बूट घालून, दाराशी, एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून बसे. चौथ्या दिवशी मी त्याला रंगीत खडू दिले. त्याने घर काढले. मी विचारले, "घरात कोण आहे?" आणि त्याने सगळे सांगितले. तो बकऱ्या घेऊन बाहेर होता, धाकटी बहीण आत होती. तो पाऊण तास रडला. मी त्याला जवळ घेतले आणि रात्री वहीत लिहिले, "आज तो मोकळा झाला." बाराव्या दिवशी मी परत निघाले.

तीन आठवड्यांनी तेथील शिक्षिकेचा फोन आला. मुलगा शाळेत येत नव्हता. रात्री झोपडीतून उठून बूट घालून अंगणात बसे, तो उजाडेपर्यंत. "दिदी, अब मैं क्या करूँ?" असे तिने विचारले आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण त्या बारा दिवसांत मी तिला काहीही शिकवले नव्हते. मी तिच्याकडून खडू आणि चहा मागवला होता.

तुम्ही सगळे संवेदनशील माणसे आहात, मुलांच्या दुःखाचे प्रदर्शन तुम्हालाही रुचत नाही, हे मला वेगळे पटवून द्यावे लागणार नाही. मग आपण टाळ्या का वाजवतो? जखम उघडणे हे काम नव्हे, ती तर कोणालाही उघडता येते. आधी मुलाला श्वास सावरायला, पाय जमिनीवर टेकलेले आहेत हे जाणवून घ्यायला, रात्री भीती आली तर कोणाकडे जायचे हे ठरवायला शिकवावे लागते, आणि मगच, त्याच्या कलाने, त्या दिवसाची गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचारावरील पुस्तिका 2011 सालची आहे. आपबीती सांगण्यासाठी कोणावरही दबाव आणू नये, हे त्यात स्वच्छ लिहिले आहे. मी ती वाचलेली होती! तरीही खडू पुढे केलेच, कारण माझे परतीचे तिकीट काढलेले होते आणि मला काहीतरी घडलेले पाहून निघायचे होते.

अगदी पहिल्या आठवड्यात, स्थानिक माणसेच ढिगाऱ्याखाली असताना, बाहेरच्यांना जावे लागते, हे मान्य. पण पुढची वर्षे त्या गावच्या माणसांचीच असतात.

त्यानंतर मी मुलांबरोबर काम करण्यासाठी गेलेले नाही. मी शिक्षिकांना आणि तेथील मनोविमर्शकर्त्यांना, म्हणजे समुपदेशकांना, शिकवायला जाते, आणि त्यांच्याकडून शिकते. पहिल्याच प्रशिक्षणात मी "दिमागी तकलीफ" असा शब्द वापरला आणि वर्ग एकदम गप्प झाला. चहाच्या वेळी एका वयस्कर बाईंनी समजावले की "दिमाग" म्हणाल तर कोणतीही आई मूल घेऊन येणार नाही, "मन" म्हणा, मन सगळ्यांचेच दुखते. मला आपल्याकडचेच आठवले. "त्याच्या मनाला लागलं" म्हटले की लोक जवळ येतात आणि "डोक्यावर परिणाम झाला" म्हटले की दूर होतात. त्या मुलाची आजी म्हणत होती की त्याचा "सातो" गेला आहे, म्हणजे भीतीने जीवच उडून गेला आहे. मी असते तर वाद घातला असता. शिक्षिकेने घातला नाही. आजीने झाँक्रीकडून, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडून, सातो परत बोलावून घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून शिक्षिकेने आपले काम सुरू केले.

ते काम मी इथून पाहिले. दर शुक्रवारी रात्री, आमच्या आठला त्यांचे सव्वाआठ, व्हॉट्सॲपवर ती आठवड्याचे सांगे. छातीवर हात आडवे ठेवून फुलपाखराच्या पंखांसारखे आलटून पालटून थोपटण्याची पद्धत तिने आधी आजीला शिकवली. मेक्सिकोतील अकापुल्को येथे 1997 च्या चक्रीवादळानंतर वाचलेल्या मुलांबरोबर काम करताना ती पद्धत निघाली होती. आजी रोज रात्री नातवासमोर बसून ती करी. बहिणीचा विषय सातव्या महिन्यात निघाला आणि तो त्यानेच काढला. माझ्या तिसऱ्या भेटीत मी वर्गाबाहेर थांबले. चपलांच्या रांगेत त्याचे बूट होते, टाचा भिंतीकडे, तोंड वाटेकडे, नाड्या सैल सोडलेल्या. मी आत गेले नाही. शिक्षिकेच्या हातात संत्रा बर्फीचा डबा दिला आणि आम्ही पायरीवर बसून पुढच्या आठवड्याचे बोललो.

"विदर्भात काय कमी दुःख आहे, म्हणून तुम्ही तिकडे जाता?" हे मला दरवर्षी ऐकावे लागते. यवतमाळमध्ये बाप गेलेल्या मुलांची घरे मीही पाहिली आहेत, त्यामुळे ते मला लागते, आणि त्यात तथ्य आहे. पण तेथेही मी नागपूरहून जाऊन दोन दिवसांत मुलांना रडवून यावे, असे कोणाचे म्हणणे असेल, तर माझे उत्तर तेच आहे. गावच्या अंगणवाडीताईंना शिकवा, त्यांच्यामागे वर्षभर उभे राहा.

लिहिता लिहिता माझा राग उतरला आहे. त्या मुलीवर तर तो नव्हताच. तिचा आवाज बोलताना दोनदा भरून आला, तो खरा होता. तिला आधी कोणी काही सांगितलेच नसावे, जसे मलाही, त्या पुस्तिकेखेरीज, कोणी सांगितले नव्हते. कार्यक्रमाच्या संयोजकांकडून मी तिचा क्रमांक मागितला आहे. दिवाळीनंतर माझी पुढची फेरी आहे. येतेस का, असे तिला विचारणार आहे. मुलांना भेटायचे नाही, प्रशिक्षणात मागच्या बाकावर बसायचे आणि शुक्रवारी रात्रीच्या फोनसाठी वर्षभर वेळ द्यायचा, हे आधीच सांगेन. ती हो म्हणाली तर राप्तीसागरची दोन तिकिटे काढायची आहेत.