बिग बॉस मॅनच्या हातातला दांडका बाजूला ठेवला तर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यामुळे खाली दोन ओळी टाकून सुटका करून घेणं बरं दिसलं नसतं. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : बिग बॉस मॅन, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजचं डब्ल्यूडब्ल्यूई) या अमेरिकन कुस्ती कंपनीत जेलरचं पात्र करणारा पैलवान रे ट्रेलर, रिंगमधल्या कामाच्या बाबतीत फार कमी लेखला गेला असं मी लिहिलं होतं. तुमच्या मते हा लहानपणी खेळलेल्या, पैलवानांचे फोटो असलेल्या पत्त्यांचा मोह आहे. निळा गणवेश, दांडका आणि हातकड्या काढून घेतल्या की मागे एक जाडा माणूस उरतो, असं तुम्ही म्हणता. पुरावा म्हणून रेसलमेनिया 15 (रेसलमेनिया म्हणजे कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम) पुढे केलंत. शिवाय 2016 साली कंपनीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेला माणूस उपेक्षित कसा, हेही विचारलंत.

पत्त्यांचं आधी मिटवू. हो, शाळेत मीही ते खेळलोय. पण पत्त्यावर उंची, वजन, छाती आणि बायसेप्स असायचे. माणूस पडतो कसा, हे पत्त्यावर कुठे होतं? आणि माझं सगळं म्हणणं त्या पडण्याबद्दलच आहे.

27 मे 1989 रोजी 'सॅटर्डे नाइट्स मेन इव्हेंट' या टीव्ही कार्यक्रमात दाखवलेली, तेव्हाचा सर्वांत मोठा स्टार हल्क होगनविरुद्धची पिंजऱ्यातली मॅच पुन्हा बघा. होगन त्याला पिंजऱ्याच्या माथ्यावरून सुप्लेक्स देतो, म्हणजे उचलून डोक्यावरून मागे पाठीवर आपटतो. लोकांना आठवतो तो होगन. आता नजर फक्त ट्रेलरवर ठेवा. तीनशे पौंडांच्या वरचा माणूस नुसत्या ताकदीने कोणी तेवढ्या उंचीवरून उलटा फिरवू शकत नाही. त्याने स्वतः पाय झटकून उडी घ्यावी लागते, हवेत अंग सरळ करावं लागतं आणि हनुवटी छातीशी घेऊन पाठ सपाट आपटावी लागते. होगनला महाबली ठरवणारा तो क्षण निम्म्याहून जास्त ट्रेलरने घडवलाय. हे धाडस तेव्हाच्या किती अवाढव्य पैलवानांनी केलं असतं? बहुतेकांना पडायचंच नसायचं; एका गुडघ्यावर आले तरी उपकार केल्यासारखा चेहरा.

'होगनसमोर कोणीही चांगलं दिसतं' हे तुमचं वाक्य मला उलट वाटतं, कारण होगनसमोर चांगलं दिसायला समोरच्याला दुप्पट राबावं लागायचं.

बरं, होगन नको. मायामीला झालेला रॉयल रंबल 1991 हा कार्यक्रम घ्या. समोर बार्बेरियन, म्हणजे दुसरा तेवढाच दांडगा गडी. त्या काळी असे दोघे भिडले की पाच मिनिटांत दम लागायचा आणि मग मिठ्या मारून वेळ काढणं सुरू व्हायचं. हे दोघे चौदा मिनिटांच्या आसपास लढले आणि प्रेक्षक शेवटपर्यंत उभे होते. तोवर ट्रेलरने बरंच वजन उतरवलं होतं, ते त्याच्या धावण्यात दिसतं. त्याचा तो खास प्रकारही आठवा. प्रतिस्पर्धी मधल्या दोरावर मान टाकून लटकलेला, हा धावत येऊन दोराखालून सरळ बाहेर घसरणार आणि वळून खालून ठोसा हाणणार. एवढ्या देहाला हे इतक्या सफाईने जमतं, यासाठी तरी मार्क द्या!

आता रेसलमेनिया 15. अंडरटेकरबरोबरची ती हेल इन अ सेल (छत असलेल्या पिंजऱ्यातली) मॅच रटाळ होती, शेवटी त्याला फासावर लटकवल्याचं नाटक तर किळसवाणं, यात वाद नाही. पण 1998 ला डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये परत आल्यावर त्याच्याकडून मागितलं काय जात होतं तेही बघा. त्या वर्षीच्या सर्व्हायवर सिरीज या कार्यक्रमात रॉकने त्याला चार सेकंदांत हरवलं. पुढे पैलवान अल स्नोचा कुत्रा, बिग शोच्या वडिलांची शवपेटी यांवरची कथानकं... हे सगळं लेखकांच्या टेबलावर जन्मलेलं. सांगितलेलं काम त्याने निमूट केलं. कारकिर्दीच्या उताराला ज्याला कुस्ती करायलाच दिली नाही, त्याची कुस्ती त्या वर्षांवरून का मोजायची?

तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देतो, तुमच्या नजरेतून सुटलाय. डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये येण्याआधी, स्टारकेड 1986 या कार्यक्रमात मचाणावरून खाली पडणाऱ्या मॅनेजर जिम कॉर्नेटला झेलायचं काम ट्रेलरकडे होतं, तेव्हा त्याचं नाव बिग बब्बा रॉजर्स होतं. झेल सुटला आणि कॉर्नेटचा गुडघा गेला. पण लगेच पुढच्या वर्षी त्याने वन मॅन गँग या पैलवानाला हरवून यूडब्ल्यूएफ या दुसऱ्या कंपनीचा बेल्टही जिंकला, तेव्हा 'कधी मोठा बेल्ट नाही' हे तुमचं म्हणणं पूर्ण खरं नाही. (हाच वन मॅन गँग नंतर अकीम होऊन ट्विन टॉवर्स या जोडीत त्याचा जोडीदार झाला. रेसलमेनिया 6 ला दोघे समोरासमोर आले आणि मॅच दोन मिनिटांच्या आत आटोपली. मोठ्या मंचावर त्याला वेळ असा मिळायचा.)

आणि दांडका काढून घेतला तर काय, हा तुमचा प्रश्न प्रत्यक्षात घडून गेलाय. एप्रिल 1994, शिकागोजवळचं रोझमाँट, डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीचा स्प्रिंग स्टॅम्पीड हा कार्यक्रम. 'द बॉस' या नावाने तो व्हेडर या अवाढव्य पैलवानाशी लढला. व्हेडर हात राखून मारणाऱ्यातला नव्हता आणि ट्रेलर ठोशाला ठोसा देत राहिला. हरला, पण व्हेडरच्या त्या काळातल्या झकास मॅचेसमध्ये मी ही धरतो. त्यानंतर कमिशनर निक बॉकविंकलने त्याचा दांडका आणि हातकड्या काढून घेतल्या. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पात्राशी असलेलं साम्य नडलं. मग त्याला लाल टोपी घालून 'गार्डियन एंजेल' केलं, त्याबद्दल न बोललेलं बरं. पण त्या रात्रीची मॅच बघताना कोणाचं लक्ष दांडक्याकडे जातं?

हॉल ऑफ फेमबद्दल एवढंच, की तिथे पात्राचा सत्कार होतो आणि तोही त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी झाला. 'आवडता जेलर' म्हणून तो सगळ्यांना आठवतो. चांगल्या पैलवानांच्या याद्या निघतात तेव्हा त्याचं नाव कोणी घेत नाही, आणि माझी तक्रार त्या यादीबद्दल आहे.

शेवटी तुम्ही विचारलंत, मग कुठे बसवता त्याला? अवाढव्य पैलवानांत व्हेडर आणि बॅम बॅम बिगेलो यांच्या खाली, अर्थक्वेक आणि योकोझुनाच्या वर. योकोझुनावरून तुम्ही भांडणार हे दिसतंय. त्याच्या 1993 च्या मॅचेस काढून ठेवा, मी बार्बेरियनची मॅच घेऊन बसतो.